तुम्ही विचारलंत म्हणून: लेदरखालचं ॲल्युमिनियम पांढरं का पडतं

जुनी गाडी घेतलेले लोक मला एकच प्रश्न परत परत विचारतात. दरवाज्याच्या वरच्या काठावरचं किंवा डॅशच्या कडेचं लेदर बारीक फोड आल्यासारखं फुगलंय, बोटाने दाबलं की आत करकरतं, तर वरून चांगलं कंडिशनर लावलं की जाईल का?

नाही जाणार. मी माझ्या गाडीच्या ड्रायव्हर बाजूच्या दरवाज्यावर तीन वर्षं क्रीम लावत होतो आणि फोड वाढतच गेले. शेवटी लेदर सोडवलं तर खाली खडूच्या भुकटीसारखी पांढरी पूड, आणि ती झटकल्यावर पत्र्यात स्क्रूच्या रांगेने टाचणी टोचावी तशी भोकं. ती पूड म्हणजेच गंज, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते म्हणून लेदर वर उचललं जातं. म्हणजे फोड दिसेपर्यंत खाली बरंच खाऊन झालेलं असतं.

ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण ऐकत आलोय, ते अर्धंच खरं. त्याच्यावर ऑक्साइडचा एक थर आपोआप बसतो, जाडी फक्त काही नॅनोमीटर, आणि तोच त्याला वाचवतो. पण हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतो (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क). आता क्रोम टॅनिंग केलेलं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं लेदर मुळातच आम्लधर्मी असतं, पीएच ४ च्या आसपास, शिवाय टॅनिंगचे क्षार त्यात राहिलेले असतात. कोरडं आहे तोवर काही होत नाही. पण लेदर हवेतली ओल शोषतं आणि धरून ठेवतं, म्हणजे पत्र्यावर खारट आंबट ओलं फडकं कायमचं बांधून ठेवल्यासारखंच झालं. त्यात दरवाज्याच्या काठावर हात टेकायची सवय सगळ्यांनाच, घामातलं मीठही तिथेच मुरतं, आणि क्लोराइड हा ॲल्युमिनियमचा खरा वैरी, त्याच्यामुळेच ती टाचणीसारखी भोकं पडतात. लेदर चिकटवायचा जुना निओप्रीन (कृत्रिम रबराचा) ग्लूसुद्धा वर्षानुवर्षं म्हातारा होत गेला की थोडं थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

आणि स्क्रू. १९४८ ची पहिली लँड रोव्हर आठवा, युद्धानंतर स्टीलची टंचाई होती म्हणून तिला स्टीलच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे बसवले, आणि आजही त्या गाड्यांचा पत्रा बहुतेक तिथेच खाल्लेला दिसतो जिथे तो स्टीलला टेकतो. दोन धातू आणि मध्ये ओल, की ॲल्युमिनियम स्वतः झिजून स्टीलला वाचवतं. लेदरखालचा प्रत्येक स्टीलचा स्क्रू हे एक छोटं तसंच ठिकाण, आणि पितळेचे खिळे असतील तर आणखी वाईट.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे, लेदर परत चढवायच्या आधी जे कराल तेच उपयोगाचं. माझ्या दरवाज्यावर आधी ज्याने काम केलं होतं त्याने उघड्या पत्र्यावर सरळ ग्लू फासला होता, आणि सगळा त्रास तिथूनच सुरू झाला.

साफ करताना तारेचा ब्रश आणि स्टील वूल अजिबात नको, लोखंडाचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि नवे डाग सुरू होतात. नायलॉनचा घासायचा पॅड घ्या, खड्ड्यांतली पूड फॉस्फरिक ॲसिडच्या क्लीनरने काढा, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं, आणि पूर्ण वाळवा. खाली जुना पिवळा-हिरवट प्रायमर असेल तर तो झिंक क्रोमेट असू शकतो, कोरडा घासू नका, त्याची धूळ कॅन्सर करणारी आहे. साफ पत्र्यावर आधी कन्व्हर्जन कोटिंग, म्हणजे धातूवर पातळ संरक्षक थर तयार करणारं रसायन लावा, आणि त्याच कारणाने तेही जुन्या क्रोमेटचं न घेता ट्रायव्हॅलंट क्रोमियमचं, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक रूपाचं घ्या. त्यावर टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, आणि भोकांच्या आतल्या कडा व पत्र्याची दुमडलेली कड विसरू नका, सुरुवात नेमकी तिथूनच होते.

मग थांबा. प्रायमर हाताला कोरडा लागतो पण आतून पक्का व्हायला कितीतरी दिवस लागतात, डब्यावर लिहिलेले असतात तेवढे द्या. घाईत ग्लू लावला तर त्यातलं सॉल्व्हंट प्रायमर मऊ करतं आणि सगळी मेहनत वाया जाते, हे मी दुसऱ्यांच्या गाड्यांत पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

स्क्रू स्टेनलेसचे घेतले तरी नायलॉन वॉशर आणि जॉइंटिंग कंपाउंडशिवाय (दोन धातूंच्या मध्ये ओल शिरू न देणारी पेस्ट) बसवू नका, स्टेनलेससुद्धा ॲल्युमिनियमला खातंच. लेदरखाली पॅडिंग हवंच असेल तर पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घ्या, फेल्ट नको.

ज्यांना आत्ता लेदर सोडवायचं नाहीये त्यांनी निदान ओल कमी ठेवा. दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी करा, काचेचं रबर कडक झालं असेल तर बदला, गाडीवर प्लास्टिकचं कव्हर न घालता हवा जाणारं घाला. गॅरेजची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास बरी, फार खाली गेली तर लेदरच तडकतं. सॅडल सोप (लेदर धुवायचा साबण) नको, तो अल्कधर्मी असतो आणि लेदरला तसंच ॲल्युमिनियमलाही सोसत नाही, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं.

माझ्या दरवाज्याच्या कामाला आता सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात खालच्या कोपऱ्यातलं लेदर बोटभर उचलून टॉर्च मारला, कारण पाणी उतरून तिथेच थांबतं. प्रायमर राखाडी आणि कोरडा होता, स्क्रूभोवती पांढऱ्याचा कणही नव्हता. तुमच्या गाडीतही बघायचं असेल तर आधी तोच कोपरा उचला.