एका घाण्याला किती?

आईनं फोनवर मावशीला सांगितलं, "शेजारचा म्हातारा घरी गोळ्या करतो." मावशी म्हणाली, "गुडघ्यावरच्या असतील तर दोन महिन्यांच्या आण माझ्यासाठी."

"अगं, त्या नव्हेत. शिशाच्या."

"शिशीतल्याच म्हणते मी. होमिओपॅथीच्या ना?"

शेवटी आईनं बंदूक हा शब्द उच्चारला. कोल्हापूरकडचा आवाज एकदम बंद झाला, आणि मग दबक्या सुरात प्रश्न आला, "पोलीस काही म्हणत नाहीत?"

काही म्हणत नाहीत. आम्ही राहतो कनेटिकटमध्ये, हार्टफर्डपासून वीस मिनिटांवर. इथं स्वतःपुरत्या गोळ्या ओतायला वेगळा परवाना लागत नाही, धंदा करायचा तर लागतो. हेच आपल्याकडे केलं तर १९५९चा शस्त्र कायदा लगेच घराची पायरी चढेल. हार्टफर्ड तर कोल्ट या बंदूक कंपनीचं गाव. नदीकाठच्या त्या जुन्या कारखान्याचा निळा घुमट हायवेवरूनसुद्धा दिसतो. आमचे शेजारी पंच्याहत्तरीचे, सगळी उमर लेथवर काढलेले. आठवड्यातून एकदा क्लबात जाऊन कागदावर पन्नास गोळ्या मारतात आणि घरी येऊन भोकं मोजतात. मला स्वतःला बंदुकीचं प्रेम नाही. गराजचं दार उघडं दिसलं की मी आधी दुरूनच हात हलवून निघून जायची. आत घेऊन गेली ती आई, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली.

तिला ओढ होती ती भांड्याची. दारातून तिला दिसलं, की विजेवर तापणाऱ्या एका पातेलीत काहीतरी चंदेरी वितळलंय आणि म्हातारबुवा चमच्यानं वरची काळपट साय एका कडेला ओढतायत. मग त्यांनी त्यात मेणाचा खडा टाकला, भस्सकन ज्योत उठली, त्यांनी ढवळलं, आणि खालचा धातू आरशासारखा लखलखीत झाला. "मळी काढतोय," आई म्हणाली. तिचं माहेर गुऱ्हाळाचं. काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, हे तिनं परकर नेसायच्या वयापासून पाहिलेलं. घरी साखरेच्या पाकात ती चमचाभर दूध घालते तेही त्यासाठीच. मी हे इंग्रजीत कसंबसं सांगितलं. म्हातारबुवांनी हातमोजा काढला आणि आईला बसायला स्टूल दिलं. भेंडी म्हणजे काय हे सांगायला मला फोनवर फोटो शोधावा लागला.

स्टूल मात्र दारापासच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे. पलीकडे जायचं नाही. तिथले कपडे वेगळे, बूट वेगळे, चमचा-पातेली कधीही स्वयंपाकघरात येणार नाही, आत पाण्याची बाटलीसुद्धा न्यायची नाही, काम झालं की कोपरापर्यंत हात धुऊन मगच घरात पाऊल. शिशाचा त्रास वितळलेल्या शिशापेक्षा त्याच्या राखेनं आणि धुळीनं जास्त. बोटावरून ती तोंडात जाते आणि अंगात साठते. लहान पोरांना तर फारच वाईट, म्हणून त्यांच्या नातवाला पट्टीपर्यंतसुद्धा परवानगी नाही. ते स्वतः दर वर्षी रक्त तपासून घेतात. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सोवळंच की." मला इतका नेमका शब्द इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

हे सोवळं तिनं एकदा मोडलं, अगदी भक्तिभावानं. जूनचा उकाडा होता, तिनं लिंबाचं सरबत केलं आणि बर्फ घालून पेला घेऊन थेट पट्टी ओलांडली. पेल्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. एरवी हळू बोलणारे म्हातारबुवा असे ओरडले, की मी कुंपणापलीकडून धावत गेले. वितळलेल्या शिशाच्या पोटात पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची क्षणात वाफ होते, आणि ती वाफ अख्खी पातेली छताला उधळते. ओतणारी मंडळी त्याला लाडानं 'चमकीची परी आली' असं काहीसं म्हणतात, कारण नंतर सगळीकडे चंदेरी शिंतोडे दिसतात. आई जागच्या जागी थिजली. मी समजावायला लागले तर म्हणाली, "कळलं मला. तापल्या तेलात ओला झारा." सरबत आम्ही तिघांनी अंगणात प्यायलो, त्यांनी हात धुतल्यावर.

मग तिचा प्रश्न आला. कोणतीही बाई दुसरीच्या ओसरीवर वाळवण दिसलं की जो विचारते तोच. "एका घाण्याला किती होतात?"

म्हातारबुवांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी खडूनं बाकावरच गणित मांडलं. त्यांची पातेली वीस पौंडांची, म्हणजे साधारण नऊ किलोची. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. त्यांची गोळी १५८ ग्रेनची. म्हणजे पौंडाला ४४ आणि भरल्या पातेलीला ८८० च्या आसपास. पण पातेली तळापर्यंत रिकामी करायची नसते, तळाशी गाळ असतो. शिवाय प्रत्येक ओतीला साच्याच्या तोंडाशी जास्तीचं शिसं थिजतं, तो शेंडा तोडून बाजूला टाकायचा. काही गोळ्या बिघडतात. हे सगळं वजा जाता दोन तासांत सहाशे चांगल्या. आठवड्याला पन्नास लागतात, म्हणजे बारा आठवड्यांची बेगमी.

"मग तीनशेच का नाही करत?" मी विचारलं. मला वाटलं होतं, अगदी शहाणपणाचा प्रश्न आहे. दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नजरेनं पाहिलं.

त्याचं उत्तर मला बघून बघून कळलं. साचा गार असताना पहिल्या दहा-वीस गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, वाळलेल्या खारकेसारख्या. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण ओतायला ते त्याच्या बरंच वर, ३७० च्या पुढं न्यावं लागतं, आणि साचाही त्याच्या जोडीनं तापावा लागतो. तो तापला, की हाताला लय येते. ओता, शेंडा थिजताना त्याची चमक मावळते तेवढं थांबा, साच्यावरच्या पट्टीला दांड्याचा ठोका, म्हणजे शेंडा तुटतो, साचा उघडा, जुन्या टॉवेलवर सहा गोळ्या टपटप, साचा बंद, ओता. फार भराभर ओतलं तर साचा जास्त तापतो आणि गोळ्यांवर धुकं धरल्यासारखा पांढुरका पोत येतो. चहाला उठलं तर साचा गार होतो आणि पुन्हा खारका. पातेलीतलं शिसं संपत आलं म्हणून मध्येच शिशाच्या गार विटा टाकल्या, तर सगळंच निवतं आणि वीस मिनिटं हात बांधून बसावं लागतं. मग एक पातेली, एक बैठक. गुऱ्हाळात याला आधण म्हणतात. काहिलीत मावेल तेवढा रस, तेवढा गूळ. अर्ध्या आधणाचा गूळ कुणी करत नाही. जळण तेवढंच जातं आणि माणसंही तेवढीच लागतात.

कुरडयांचंही असंच. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून ठेवला की तो तुमचं ऐकत नाही. शिजलेला चीक गरम आहे तोवर सोऱ्यातून उतरला पाहिजे. गार झाला की दट्ट्या दाबून खांदा निखळेल, कुरडई पडणार नाही. आमच्याकडे चार माणसांच्या घरात तीन डबे कुरडया का व्हायच्या, याचा मला लहानपणी राग यायचा, कारण कावळे हाकलायला गच्चीवर मीच. खाणारी तोंडं किती याचा त्या आकड्याशी संबंधच नव्हता. आकडा पातेल्यानं ठरवलेला असायचा.

एका बाबतीत मात्र आईनं म्हातारबुवांचा उघड हेवा केला. बिघडलेल्या गोळ्या, तोडलेले शेंडे, सगळं परत पातेलीत. फसलेली चकली पुन्हा पीठ होत नाही. ती 'चहाबरोबर खाऊन टाका' या खात्यात जाते आणि घरातली पुरुषमंडळी ती आठवडाभर मुकाट खातात. इथं चुकीला शिक्षा फक्त वेळेची. म्हणून म्हातारबुवा निवडायला बसले की निर्दय होतात. भिंगातून बघतात, बुडाची कड जराशी गोल वाटली की परत. वाया जात नाही म्हटल्यावर माणूस किती काटेकोर होतो, हे बघण्यासारखं आहे. आई चकल्यांच्या बाबतीत कधीच एवढी काटेकोर नव्हती.

वाया जातं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. शिसं ते टायरच्या दुकानातून आणायचे. चाकाचा तोल साधायला रिमला लावलेली वजनं पूर्वी शिशाची असत. आता त्यात जस्ताची आणि लोखंडाची मिसळतात, काही राज्यांत तर शिशाच्या वजनांना बंदीच आहे. कॅलिफोर्नियात २०१० पासून. लोखंड बिचारं वर तरंगतं, पण जस्ताचं वजन चुकून वितळलं की सगळी पातेली नासते, साचा नीट भरतच नाही. तांदळातला खडा परवडला, तो एकाचाच दात पाडतो. उलट थोडंसं कथील मुद्दाम घालतात, त्यानं साच्याचे कानेकोपरे भरतात. कथील म्हटल्यावर आईला कल्हईवाला आठवला, त्याचा भाता, नवसागराचा धूर, आणि पुढची दहा मिनिटं गोळ्या बाजूलाच राहिल्या.

एका खोक्यात धातूच्या लांबट पट्ट्या होत्या, कडेला उलटी अक्षरं उठलेली. बंद पडलेल्या एका छापखान्यातलं लायनोटाइप. ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. गोळी कठीण हवी असेल तर त्यातलं थोडं घालतात. माझा मामा छापखान्यात जुळारी होता. अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून त्याची बोटं शाईनं कायमची करडी झालेली. आईनं एक पट्टी उचलली आणि मला उलटं वाचायला लावलं. कुठल्या तरी सेलची जाहिरात होती, पडदे निम्म्या किमतीत. एवढी एक पट्टी वितळवू नका, असं सांग म्हणाली. आता ती आमच्या फ्रिजवर उभी आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, सोवळ्यात.

फळीवर कॉफीचे जुने डबे आहेत. प्रत्येकात हजार-बाराशे. मी एकदा मनातल्या मनात बेरीज केली तर म्हातारबुवांना पुढची तीन वर्षं पुरतील एवढ्या निघाल्या. कारण विचारलं तर म्हणाले, टंचाई. २०१३ मध्ये दुकानं रिकामी झाली होती आणि २०२० मध्ये पुन्हा. आणि मग स्वतःच हसायला लागले. कारण गोळी म्हणजे काडतुसाचं नुसतं टोक. मागं पितळी नळी लागते, दारू लागते आणि बुडाला ठिणगी देणारी टोपी लागते. २०२० मध्ये टंचाई झाली ती नेमकी टोप्यांची, आणि त्या घरी ओतता येत नाहीत. आठ हजार गोळ्या डब्यात आणि म्हातारबुवा दीड वर्ष हात चोळत. आईला हे समजावताना मी म्हटलं, चार डबे कुरडया आणि घरात तेल नाही. ती इतकी हसली, की त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, तू नेमकं काय भाषांतर केलंस?

तिच्या परतीच्या आधीच्या रविवारी त्यांनीच सुचवलं, लिचफील्डला जाऊन या. तासाभराचा रस्ता. ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, आणि त्या रात्री लोकांनी तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा दिलेला घोड्यावरचा पुतळा खाली ओढला. त्याचे तुकडे समुद्रमार्गे नॉर्वॉकला आणि तिथून बैलगाडीनं लिचफील्डला, त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी आले. तिथं घरातल्या आणि शेजारच्या बायकापोरांनी राजा वितळवून त्याची काडतुसं केली. त्याचा हिशेब लिहिलेला कागद टिकून राहिलाय. एकूण ४२,०८८. रूथ मार्विन हिची ११,५९२. वोलकॉटांची मुलगी लॉरा, तिची ८,३७८. तिची अकरा वर्षांची बहीण मेरी अ‍ॅन, तिची १०,७९०. आणि धाकटा फ्रेडरिक, वय आठ की नऊ, त्याची ९३६.

घर अजून उभं आहे, कुणाचं तरी खासगी, त्यामुळे रस्त्यावरूनच बघायचं. आई कुंपणाशी उभी राहून खिडक्या मोजत होती, चूल कुठं असेल याचा अंदाज घेत होती. मी तिला आकडे वाचून दाखवले. दहा हजारवाल्या पोरीचं तिला विशेष काही वाटलं नाही. त्या वयात तिनंही कमी पापड लाटले नव्हते. ती अडली धाकट्यापाशी.

"नऊशे छत्तीस? हजाराला चौसष्टच कमी की."

"हो."

"मग पुरे का नाही केले त्यानं?"

मी म्हटलं, झोप आली असेल. शिसं संपलं असेल.

"छे," आई गाडीकडे वळत म्हणाली, "आईनं जेवायला हाक मारली असणार."