काळी चार कुठून आली?

ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या आमच्या घरी आत्याची जुनी पेटी आहे. आत्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, त्यामुळे संगीतशास्त्री भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे सात-सात सुरांचे साचे, लहानपणापासून माझ्या कानावर. तरी लेकीच्या कीबोर्डच्या पुस्तकातल्या ‘ए मायनर’ या सुरावलीने मला महिनाभर अडवून धरलं.

सी मेजरला सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, ए मायनरलाही सगळ्या पांढऱ्याच. मग नावं दोन कशाला? पुस्तक म्हणे, मायनर उदास वाटतं. माझं त्यावर समाधान होईना. बागेश्री राग आपण काय नुसता ‘उदास’ म्हणून ओळखतो?

शेवटी आत्याला विचारलं. तिने उलट विचारलं, “सा कुठे धरलास?” मी पांढरी एक, म्हणजे सी, दाखवली. तिने पांढरी सहा, म्हणजे ए, दाबून धरली, भाता मारत राहिली. “आता हाच सा. याच पट्ट्यांवरून वर जा.” सा, रे, मग कोमल, म्हणजे अर्धी पायरी खालचा, गंधार! म, प, आणि पुढे धैवत-निषादही कोमल. सरळ आसावरी थाट. पट्ट्या त्याच, पण सा हलल्याबरोबर प्रत्येक सुराचं सा-पासूनचं अंतर बदललं. मूर्च्छना हा शब्द मी किती वेळा ऐकला होता, कळला त्या संध्याकाळी.

तरी एक अडचण उरलीच. धड्यात मधूनच काळी चार, म्हणजे पांढरी पाच आणि सहाच्या मधली काळी पट्टी, येई. मला छापण्यातली चूक वाटली होती. मग पांढरी तीन, पाच, सात एकत्र वाजवून ए मायनरच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांवर, आलो, जरा सैल वाटलं. पाचऐवजी काळी चार घेतली आणि सूर सा-कडे अक्षरशः ओढला गेला. निषाद शुद्ध झाला होता, सा-च्या अगदी खालच्या पायरीवर. हा हार्मोनिक मायनर, म्हणजे आपल्या किरवाणी रागाचे सूर. त्यात कोमल ध ते शुद्ध नी ही उडी मोठी पडते, म्हणून मेलोडिक मायनरमध्ये चढताना धैवतही शुद्ध करतात, उतरताना दोन्ही पुन्हा कोमल. देस राग गाणाऱ्याला हे नवं नाही. तिथेही निषाद चढताना शुद्ध, उतरताना कोमल.

आता पानावर शार्प-फ्लॅटच्या (सूर चढवण्या-उतरवण्याच्या) खुणा दिसल्या नाहीत, तर सा कुठे आहे हे कळायला मी आधी डाव्या हाताचा शेवटचा सूर बघतो. काल लेकीला काळी चारवरच थांबवलं. पुढचा सा तिने वाजवायच्या आधी गाऊन दाखवला.