जुन्या पँटची थैली आणि पाच बाटल्यांची परीक्षा

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, एका लहान गावातील शाळेत मी शिकवते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सातवीतील एका मुलाच्या घरची गाय चारा खाईनाशी झाली. पशुवैद्यकांनी तिच्या कोटीपोटावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा आतून निघालेला प्लॅस्टिकच्या पन्न्या, सुतळी आणि चारा यांचा घट्ट गोळा त्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. शाळा सुरू झाल्यावर त्याने वर्गात हे सांगितले आणि विचारले, "मॅडम, पन्नीवर बंदी हाये ना, मंग बाजारात कशी भेटते?" राज्यात २३ जून २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभरात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई आहे, एवढे मी सांगू शकले. पण घरून थैली न आणलेल्या गिऱ्हाइकाला भाजीवाल्याने भाजी कशात द्यावी, हा त्याचा पुढचा प्रश्न अधिक खरा होता. कार्यानुभवाच्या तासिकेत जुन्या कपड्यांच्या थैल्या शिवायच्या, असे त्या दिवशी ठरले.

सुरुवातीची चूक माझीच होती. "घरात जे जुने कपडे असतील ते धुऊन आणा," एवढेच मी मुलांना सांगितले. आमच्या भागात चांगले जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या बदल्यात भांडे येते. मऊ झालेली लुगडी वाकळीसाठी राखली जातात. त्यामुळे शाळेत आले ते उरलेले, पार विरलेले कपडे. आम्ही पँटचे पाय कापले, एक टोक शिवून बंद केले, वरच्या काठाला दोन बंद टाचले आणि बारा थैल्या तयार झाल्याचा आनंद मानला. शनिवारच्या आठवडी बाजारात त्यांपैकी चार थैल्यांचे बंद बटाट्यांच्या वजनाने निघून आले. शिलाई उसवली नव्हती. शिलाईच्या कडेचे कापडच फाटले होते. ज्या मुलीचे बटाटे रस्त्यावर सांडले ती सोमवारी शाळेत माझ्याशी बोलेना, आणि तिचे ते गप्प राहणे मला आजही आठवते.

पुढचा रस्ता दाखवला तो एका विद्यार्थिनीच्या आजीने. कापूस वेचणीच्या दिवसांत या बाया जुन्या लुगड्याची झोळी कमरेला बांधतात आणि तिच्यात वेचलेला कापूस भरत जातात. फाटलेली थैली हातात घेऊन, बंद जिथून तुटला होता तिथे बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, वझं शिलाईवर नोका टाकू, कपड्यावर येऊ द्या. आमी झोयी बांधतो तं कपडा बुडाखालून घेतो." थैली शिवण्याचे सगळे शास्त्र त्या दोन वाक्यांत होते.

त्यानंतर आम्ही रीतच बदलली. पँटच्या पायाची आतली शिलाई उसवायची, म्हणजे सुमारे बत्तीस इंच लांब आणि सोळा इंच रुंद असा सपाट तुकडा मिळतो. तो लांबीत मधोमध दुमडला की घडीच थैलीचे बूड होते आणि बुडाला शिलाई लागतच नाही. पण बाजू शिवण्याआधी, तुकडा सपाट असतानाच, त्यावर बंद बसवायचा. हा बंद एकसंध असतो: एका बाजूने वर जाऊन मुठीचा फास होतो, खाली उतरतो, बुडाखालून दुसऱ्या बाजूला जातो, तिथेही फास करून परत येतो आणि पहिल्या टोकाला मिळतो. त्यासाठी सुमारे नऊ फूट पट्टी लागते. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब असते. तेव्हा तिच्या एका काठातून दोन थैल्यांचे बंद निघतात. हे गणित मुलांनी आधी वितीने आणि मग टेपने मोजून स्वतः जुळवले. बाजूंना धावदोरा पुरत नाही, उलटी टीपच घालावी लागते, आणि तीही दोनदा.

सर्वांत जास्त वेळ मात्र कापड पारखण्यात गेला, आणि माझ्या मते तो तसा जायलाच हवा. कापड उन्हाकडे धरून पाहायचे. जिथून जास्त उजेड येतो तिथे ते विरलेले असते. पँटची बैठक आणि गुडघा, शर्टची कॉलर आणि कोपर, साडीचा निऱ्यांजवळचा भाग हे बहुधा आधी जातात. मग दोन्ही हातांनी उभे आणि आडवे ताणायचे. चरचर आवाज आला तर तो तुकडा पुसण्याच्या फडक्यांत जातो. सूत आणि पॉलिस्टर ओळखण्यासाठी मी मुलांना लांब बसवून स्टीलच्या ताटलीत एक-एक धागा स्वतः जाळून दाखवला. सुती धागा कागदासारखा जळून राख झाला. पॉलिस्टरचा वितळून कडक मणी झाला. कापसाच्या या जिल्ह्यात आलेल्या कपड्यांपैकी निम्म्याहून जास्त कपडे पॉलिस्टरचे निघाले, याचे मुलांना फार आश्चर्य वाटले. असे कापड मजबूत असते, पण कापलेल्या कडेचे धागे निसटत राहतात, म्हणून कड दोनदा दुमडूनच शिवावी लागते.

सुयांच्या बाबतीत मी अजिबात सूट दिली नाही. चोवीस सुया स्पंजवर टोचून मोजून द्यायच्या आणि चोवीसच परत घ्यायच्या. एकदा एक कमी भरली, तेव्हा विज्ञानाच्या पेटीतील चुंबक फरशीवरून फिरवून ती सापडेपर्यंत एकही मूल घरी गेले नाही.

तयार थैलीची परीक्षा शाळेच्या कडूनिंबाखाली होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून एक लिटरच्या पाच भरलेल्या बाटल्या थैलीत ठेवून ती फांदीला टांगायची आणि जेवणाच्या सुटीनंतर पाहायचे. नव्या रीतीच्या पहिल्या सहा थैल्यांपैकी पाच टिकल्या. सहावीचा धागा कच्चा होता. मुलांनी तो उसवून दुहेरी धाग्याने पुन्हा शिवला आणि दुसऱ्या दिवशी तीही टिकली.

ओले मासे आणि मटण यांसाठी कापडी थैली उपयोगाची नाही. त्यासाठी आम्ही घरून स्टीलचा डबा नेण्याचे सुचवतो. भाजी आणि किराण्यासाठी मात्र गावातील एकतीस घरांत या थैल्या आता वापरात आहेत. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एक टोपले ठेवले आहे, ज्यात उसवलेल्या थैल्या दुरुस्तीसाठी येतात. बटाटे सांडलेल्या त्या मुलीची पहिली थैलीही तिथेच आली. तिने बाजू उसवल्या, आईच्या साडीचा हिरवा काठ बुडाखालून फिरवून शिवला आणि माझ्यापुढे आणून विचारले, "मॅडम, आता सात बाटल्या ठेवून पाहू काय?"