आमची वाटचाल : ट्रॉलीच्या लाइटपासून फायबरच्या गाडीपर्यंत

आबांनी 1984 ला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामासाठी पत्र्याचं शेड घेतलं तेव्हा कामं ठरलेली असायची. डायनॅमो, सेल्फ, कटआउट, कुणाचं आर्मेचर जळालं की रिवाइंडिंग, आणि गळीत हंगाम आला की उसाच्या ट्रॉल्यांच्या मागच्या लाइटा, त्या दरवर्षी तुटायच्या, दरवर्षी आम्ही लावायचो आणि त्यावर आमची दिवाळी व्हायची. मी आयटीआय करून 2001 ला दुकानात बसलो तोवर कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर पेट्रोल फवारणारी सिस्टीम आलेली, आबा बॉनेट उघडायचे, इसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, बघायचे आणि बॉनेट परत लावायचे. "ह्यो डबा आपला नव्हं." खरं तर मलाही येत नव्हतं, सर्किटच्या झेरॉक्स जमवत वायरींच्या जोडाचा एकेक कपलर काढून बघत शिकलो, त्यात दोन इसीएम उडवले आणि पदरचे पैसे घालून भरून दिले. ती माझी फी.

मधली बरीच वर्षं सोडतो, कारण लोक विचारतात ते सॅन स्टॉर्मबद्दलच.

ही गोव्यात तयार झालेली दोन सीटची, उघड्या टपाची गाडी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन आणि बॉडी सगळी फायबरची. म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाने त्यात बलेनोचं 1590 सीसीचं इंजिन बसवून घेतलेलं. रस्त्यावर चालवायला नाही हां, इंजिन असं बदललं की आरसीचा घोळ होतो, तसली कामं आम्ही घेतच नाही, ही फक्त ट्रॅकवर पळवायची होती, कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर. फॅब्रिकेशन एकदम झकास होतं. पण ट्रेलरवरून गाडी उतरवली तर शेजारच्या सीटवर एक पोतं, आणि पोत्यात बलेनोची अख्खी वायरिंग, एसी, पॉवर विंडो, मागचे दिवे सगळं सकट, मध्येच कटरने कापलेली. आधीच्या वायरमनने तीन महिने ठेवून परत दिलेली.

दुकान बंद झाल्यावर मी आणि पोरं चटईवर ती पसरून बसायचो, इसीएमच्या एकेका पिनपासून मीटर लावून प्रत्येक वायरीला मास्किंग टेपची चिठ्ठी. निम्मी वायरिंग बाजूला पडली. नवा फ्यूज बॉक्स घेतला, चार रिले घेतले, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, त्यांच्या 30 नंबरच्या पिनेवर बॅटरी, 87 वर लोड, 86 ला चावीचा सप्लाय, 85 इसीएमकडं, म्हणजे पंप चालू-बंद करायचं त्याच्या हातात. टोकं डाग (सोल्डर) न देता क्रिंप केली, म्हणजे दाबून बसवली, कारण थरथरीने डागाच्या कडेलाच वायर तुटते, ट्रॉल्यांनी हे आम्हाला फुकटात शिकवलंय. बाराव्या रात्री चावी फिरवली, पेट्रोल पंप दोन सेकंद किर्र करून थांबला, सेल्फ मारला आणि लागली की! पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आनंद दहा मिनिटं टिकला. इंजिन तापलं, रेडिएटरचा फॅन सुरू झाला आणि आरपीएम वरखाली, मागून काळा धूर. फॅन थांबला की सगळं शहाण्यासारखं. मी चार दिवस सेन्सर बदलत बसलो, गिऱ्हाइकाचे फोन चालू, "पात्रांव, कितें जालें?" पाचव्या दिवशी आबा चहाचा कप घेऊन खुर्ची ओढून बसले, पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "अर्थ कुठं दिलायस?" अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट परत बॅटरीच्या मायनसला न्यायची वाट.

म्हटलं, सगळ्या एकत्र करून डॅशमागच्या लोखंडी पट्टीला.

"आन ती पट्टी कशावर बसलीया? फायबरवर न्हवं?"

पत्र्याच्या गाडीत बॉडी म्हणजेच अर्थ, कुठंही स्क्रू मारला तरी चालतं, वीस वर्षं हाताला तीच सवय. इथं पट्टीपासून खाली चॅसीपर्यंत एकच बारीक वायर होती आणि फॅनचा सगळा करंट तिच्यातूनच परत जात होता. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पट्टीला. फॅन बंद असताना जवळपास शून्य, फॅन चालू झाला की 0.8 व्होल्ट! त्याच पट्टीवर मी शहाण्याने टेम्परेचर सेन्सरचा अर्थही दिलेला, त्यामुळे 5 व्होल्टच्या सिग्नलमध्ये पाऊण व्होल्ट जादा दिसायचा, जादा व्होल्ट म्हणजे इंजिन गार असं समजून इसीएम पेट्रोल वाढवायचा. तापलेल्या इंजिनला! धूर येईल नाहीतर काय.

मग बॅटरीच्या मायनसपासून 25 स्क्वेअर एमएमची जाड केबल, एक इंजिन ब्लॉकला, एक चॅसीला, रंग खरवडून लोखंड चकचकीत करून. फॅन, पंप, हेडलाइटचे अर्थ तांब्याच्या वेगळ्या पट्टीवर, आणि सेन्सरचे फक्त इसीएमच्या त्यांच्या पिनेवर, दुसरीकडं कुठं नाही. "अर्थ नाय तर सगळं व्यर्थ", आबांचं हे वाक्य लहानपणापासून ऐकून कान किटलेले, तरी.

त्या गाडीनंतर गोवा, बेळगाव, पुण्याहून कामं यायला लागली. आता पुतणी कॉम्प्युटरवर डायग्राम काढते, आधी कागद, मग वायर, हा नियम तिनेच घातला. एस्टिमेट मात्र अजून एकदाही बरोबर आलेलं नाही.

परवा आत एक फायबरची गाडी उघडी पडलेली आणि बाहेर ट्रॉल्यांची लाइन लागलेली. ट्रॉलीवाले म्हणतात आमचं आधी. त्यांचंच आधी करतो, कारखाना थोडाच थांबतोय.