झुडपं मृगात नको, नारळी पौर्णिमेच्या आसपास लावा

मृगाचा पाऊस पडला रे पडला की आपल्याकडे कोकणात सगळ्यांचे पाय नर्सरीकडे वळतात, येताना रिक्षात एक्झोरा, क्रोटन, मुसांडा, जास्वंद काय काय भरून आणतात आणि त्याच संध्याकाळी खड्डे मारून लावूनपण टाकतात. मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं, शोभेच्या झुडपांना एवढी घाई नको, दोन महिने थांबा.

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा जुलैत. जांभ्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही असं आपण म्हणतो, मोकळ्या मातीत ते खरंही आहे, पण खाली सलग कातळ असेल आणि त्यात पहारीने खड्डा मारलेला असेल तर तो दगडी डोणीसारखा भरून राहतो, पाणी जायला वाटच नाही. नवीन रोपाची मुळं पिशवीएवढीच, त्यांना हवा मिळेनाशी झाली की ती कुजतात, पानं पिवळी पडतात, मग आपल्याला वाटतं खत कमी पडलं म्हणून वरून आणखी शेणखत टाकतो आणि रोप जातंच. किनाऱ्यालगत घर असेल तर त्या दिवसातला खारा वारा कोवळी पालवी करपवतो ते वेगळंच.

नारळी पौर्णिमेपर्यंत पाऊस ओसरतो. सर येते, जाते, मधे ऊन पडतं, जमीन मात्र ओली आणि गार असते, मुळं धरायला याहून चांगले दिवस नाहीत. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत दीड-दोन महिने मिळतात आणि काटक झुडपाला तेवढे पुरतात. डोंगरउतारावर, जिथे पाणी थांबतच नाही, तिथे जूनमधे लावा, माझी काही हरकत नाही.

फांद्यांचं गणित वेगळं. जास्वंद, कण्हेर, तगर, कुंपणाची कोयनेल यांच्या फांद्या मृगातच पिशवीत खोचायच्या, पागोळी थेट पडणार नाही अशा जागी ठेवायच्या, श्रावणात जमिनीत लावायला रोपं तयार. (कण्हेर खाऱ्या वाऱ्याला छान टिकते, पण अख्खं झाड विषारी आहे, गोठ्याजवळ किंवा गुरांच्या वाटेवर नको.)

खड्डा मात्र मे महिन्यातच मारा. काम कष्टाचं आहे, पण तो चांगला तापतो, मग पावसाआधी माती, कुजलेलं शेणखत, पालापाचोळा घालून जमिनीच्या वर थोडा उंचवटा येईल असा भरून ठेवायचा. जुलैच्या पावसाने ती भर दबून बसते, त्यामुळे ऑगस्टमधे लावलेलं रोप नंतर खाली खचत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बोगनवेल सगळ्यात शेवटी, गणपती झाल्यावर, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला उंचावर, कारण मुळाशी साचलेलं पाणी तिला अजिबात चालत नाही.

पाऊस थांबला की प्रत्येकाला आळं करून त्यात सुका पाला पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. पाणी संध्याकाळी, भरपूर, आणि पुढच्या मेपर्यंत न चुकता, पहिला उन्हाळा निघाला की मग झुडूप फारसं काही मागत नाही.