दही सोडलं, दमा सुटेना
रात्री साडेअकराला त्या ताई आल्या तेव्हा त्यांना एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. शिवणकाम करतात. पाठ दुखते म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी घेतली आणि तासाभरात छाती आवळली. नेब्युलायझर लावतालावताच सिस्टरना म्हटलं, "स्टेरॉइडच्या इंजेक्शनआधी सीबीसीचं रक्त काढून घ्या." स्टेरॉइड एकदा गेलं की काही तासांत इओसिनोफिल, म्हणजे दम्यात श्वासनलिकेला सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तातून दिसेनासे होतात आणि रिपोर्ट फसवतो.

सकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मुद्दाम बोलावून रक्ताची स्लाइड दाखवली. जिकडेतिकडे इओसिनोफिल: चष्म्याच्या दोन भिंगांसारखं केंद्रक, भोवती गच्च भरलेले केशरी-लाल दाणे. एईसी, म्हणजे त्यांची मोजणी, १,४८०. पाचशेच्या आत असायला हवी.

ताईंना दमा जडला तोच चाळिशीनंतर. नाकात पॉलिप (मांसल वाढ), वास येत नाही. कुणीतरी 'ऍलर्जी आहे' म्हणाल्यापासून आठ वर्षं दही, केळं, भात बंद. पुढे स्किन टेस्ट केली तर निगेटिव्ह, ऍलर्जीत वाढणारं आयजीई नॉर्मल, जंत आणि हत्तीरोगाच्या तपासण्यांतही काही नाही. मग या पेशींना बोलावतंय कोण?

मी शिकलो तेव्हा उत्तर एकच होतं: टी हेल्पर-२ या पांढऱ्या पेशी. त्या पेशी परागकण, धुळीतले किडे ओळखून इंटरल्यूकिन-५ हा रासायनिक निरोप सोडतात. त्याने अस्थिमज्जेत इओसिनोफिल जास्त तयार होतात, आणि जे लवकर मरायचे तेही जगत राहतात. २०१० च्या सुमारास आणखी एका पेशीची ओळख पटली, आयएलसी-२. तिला ऍलर्जीचा पदार्थ ओळखावा लागतच नाही. धुराने, विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर दुखावलं की ते आयएल-३३, टीएसएलपी असे निरोप धाडतं आणि ही पेशी तेच इंटरल्यूकिन-५ ओतू लागते. अशा रुग्णांत पेनकिलरने ल्यूकोट्रिन ही श्वासनलिका आवळणारी रसायनं वाढतात, तीही तिला चेतवतात. ताईंच्या बाबतीत माझा संशय हिच्यावरच आहे.

वहीच्या पानावर चित्र काढून त्यांना हे सांगितलं. टाळायच्या पेनकिलरची नावं लिहून दिली, पंप रोज घ्यायला सांगितला. एवढ्यानेही आटोक्यात आलं नाही, तर इंटरल्यूकिन-५ अडवणारं मेपोलिझुमॅब आहे, पण ते महाग. आठ वर्षं पथ्य कडक पाळून घेतलं आणि 'सवय लागेल' म्हणून पंप मात्र रोज घेऊ दिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

"म्हणजे दह्याने नव्हतं होत?"

"नाही, ताई."

त्या बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिल्या.