स्टायनरची बिजागरी

कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स, म्हणजे सर्वोत्तम वक्र किंवा आकार शोधायचं गणित, म्हटलं की डोळ्यासमोर त्यातलं मुख्य, ऑयलर-लाग्रांजचं समीकरण आणि पानभर आकडेमोड. दुसरा रस्ता असतो हेच मला माहीत नव्हतं, मग एकोणिसाव्या शतकातला भूमितीवाला याकोब स्टायनर वाचला. या बाबाला समीकरणांचं वावडं, सगळं भूमितीनेच करणार!

प्रश्न जुनाच, ठरावीक लांबीच्या दोरीने जास्तीत जास्त जागा घेरायची तर आकार कुठला? वर्तुळ, हे सगळ्यांनाच वाटतं, पण का? स्टायनर म्हणतो, आकाराला अशी रेघ मारा की दोरी बरोबर निम्मी होईल. ज्या बाजूला क्षेत्रफळ जास्त तीच ठेवा आणि रेघेच्या पलीकडे तिचं आरशातलं प्रतिबिंब लावा, म्हणजे दोरी तेवढीच, जागा कमी तर नक्कीच नाही. आता या अर्ध्या तुकड्याच्या कडेवर कुठलाही बिंदू घ्या आणि तो रेघेच्या दोन्ही टोकांना जोडा, मध्ये त्रिकोण आणि दोन बाजूंना दोन फाकी. मी हे खरंच पुठ्ठ्यावर केलं, त्रिकोण कापून टाकला आणि दोन्ही फाकी त्या बिंदूपाशी टाचणीने जोडल्या, झाली बिजागरी. उघडा-मिटा, फाकी तशाच राहतात, बदलतो तो फक्त मधल्या त्रिकोणाचा कोन, आणि दोन बाजू ठरलेल्या असल्या की त्रिकोण सगळ्यात मोठा होतो काटकोनाला. म्हणजे एखाद्या जरी बिंदूपाशी काटकोन नसेल तर आकार अजून सुधारता येतो. आणि कडेवरच्या प्रत्येक बिंदूपाशी काटकोन म्हणजे अर्धवर्तुळच की! कॅल्क्युलसमधलं एकसुद्धा डेरिव्हेटिव्ह नाही, मी तर खूश.

पण गोची आहे, आणि ती गणितज्ञ डिरिक्लेने तेव्हाच दाखवली होती. यातून एवढंच कळतं की वर्तुळ सोडून बाकी सगळे आकार सुधारता येतात. सर्वोत्तम आकार मुळात असतो हे कुठे सिद्ध झालं? गणितज्ञ पेरॉनचा किस्सा बघा: 1 सोडून कुठलीही धन पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग तिच्यापेक्षा मोठा, म्हणून सगळ्यात मोठी संख्या 1! लॉजिक अगदी तेच.

ही फट गणितज्ञ वायरश्ट्रासने बुजवली, तीही कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स वापरूनच, स्टायनर गेल्यानंतर. पण पुढे ब्लाश्के या गणितज्ञाने दाखवलं की एका मर्यादित जागेत मावणाऱ्या बहिर्वक्र (कुठेही आत खळगा नसलेल्या) आकारांची कुठलीही न संपणारी रांग लावा, त्यातून कुठल्यातरी एका आकाराकडे सरकत जाणारी उपरांग निवडता येतेच, म्हणजे सर्वोत्तम आकार असतोच, आणि मग बिजागरीचं काम चोख होतं.